फाइल आहे, पण उघडत नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली आणि आज सकाळी चहाबरोबर पुन्हा वाचली. सकाळी जरा कमी झोंबली, म्हणून उत्तर आत्ता लिहितेय. खालच्या चौकटीत मावेना, तेव्हा वेगळं टाकतेय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. विंडोज नव्याने टाकण्याआधी आपल्या फाइल्स कशा सांभाळाव्यात यावर मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: "मॅडम, वीस वर्षं दुकान चालवतोय. गिऱ्हाइकाचा डेटा डी ला टाकायचा, सी ला फॉरमॅट मारायचा, तासा-दीड तासात मशीन तयार. आजवर एकाचीही फाइल गेली नाही. तुम्ही उगाच लोकांना घाबरवताय." शिवाय तुम्ही म्हणता, विंडोज आता स्वतःच फाइल्स ठेवायचा पर्याय देतं. काही गेलंच तर रिकव्हरी सॉफ्टवेअर आहेत. माझा लेख इंजिनिअरांसाठी आहे, सीपीयू पिशवीत घालून दुकानात आणणाऱ्या माणसासाठी नाही. आणि नवं विंडोज टाकताना जुनं ज्यात जातं त्या 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डराबद्दल मी चुकीचं लिहिलंय.

शेवटचं आधी उरकते, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. जुनं विंडोज त्या फोल्डरात पडून राहतं, सवडीने हवं ते काढून घ्या, असं मी लिहिलं होतं. 'सवडीने' हा शब्द चुकला. अपग्रेडनंतर 10 दिवस झाले की विंडोज ते फोल्डर आपणहून साफ करतं. आणि सेटअपच्या वेळी पार्टिशन, म्हणजे डिस्कचा तो भाग, फॉरमॅट केलं असेल तर ते फोल्डर मुळात तयारच होत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. ते फोल्डर म्हणजे चोराच्या हातची लंगोटी. हाती आली तर आली.

आता डी ड्राइव्ह.

तुमची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. आमच्या घरी पहिला असेंबल्ड पीसी आला तेव्हा दुकानातल्या मुलाने 80 जीबीच्या डिस्कचे दोन भाग करून दिले होते आणि वडिलांना बजावलं होतं, "काका, डेस्कटॉपवर काही ठेवू नका, सगळं डी ला." त्या एका वाक्याने आमचे फोटो तीन वेळा वाचले. विंडोज बिघडलं, व्हायरस आला, यासाठी डी खरंच उपयोगी आहे. फक्त ते एकाच घरातलं दुसरं कपाट आहे. डिस्कच गेली तर दोन्ही कपाटं एकदम जातात. हे तुम्हाला मी सांगायला नको, 'टक टक' आवाज करणाऱ्या डिस्का तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिल्या असतील.

पण अलीकडे त्यात एक भानगड वाढली आहे आणि तिच्यामुळेच मी तो लेख लिहायला बसले होते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. तेव्हापासून ओळखीत जो तो विंडोज 11 टाकून घेतोय, नाहीतर नवा लॅपटॉप घेतोय. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कचं कुलूप, आपोआप चालू होतं. कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. आणि कुलूप फक्त सी ला लागत नाही, आतल्या डी लाही लागतं. रोजच्या वापरात हे कळत नाही, कारण सी वरचं विंडोजच डी चं कुलूप गुपचूप उघडून देत असतं. तुम्ही सी फॉरमॅट मारला की ते किल्लीवालं विंडोज गेलं. नवं विंडोज सुरू होतं, डी दिसतो, त्यावर छोटं कुलूप दिसतं, आणि ते 48 अंकी 'रिकव्हरी की', म्हणजे किल्ली, मागतं. त्या मशीनवर ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं होतं त्या खात्यात ही किल्ली बहुधा मिळते. पण ते खातं कुणाचं? लॅपटॉप घेताना शोरूममधल्या पोराने स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन झटपट काढून दिलेलं, पासवर्ड कुणालाच आठवत नाही असं. मी असं एक खातं सोडवायला दीड दिवस बसले होते. सुटलं ते नशिबाने. किल्ली मिळाली नसती तर तो डी तुम्ही, मी, खुद्द मायक्रोसॉफ्ट, कुणीच उघडू शकलं नसतं.

अशा वेळी "एकाचीही फाइल गेली नाही" हे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरंच ठरतं. फाइल जागच्या जागी आहे. उघडत नाही, एवढंच.

माझं म्हणणं खरं तर इतकंच होतं आणि लेखात ते नीट उतरलं नाही, हा दोष माझा. फाइल डिस्कवर शाबूत असणं आणि ती आपल्याला वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉरमॅटच्या गडबडीत आपण पहिलीची काळजी घेतो. दुसरी कळते चार-सहा महिन्यांनी, आणि तोवर तो माणूस तुमच्या दुकानात तक्रार घेऊन येत नाही. त्याला दोन्हींचा संबंधच लागलेला नसतो.

आमच्या अण्णांचंच घ्या. अण्णा म्हणजे माझे सासरे. त्यांच्या आईला आणि आत्याला जात्यावरच्या शेकड्यांनी ओव्या पाठ होत्या. 2003 ते 2006 या काळात अण्णांनी त्या ऐकून वहीत उतरवल्या, मग स्वतः एकेका बोटाने टाइप केल्या. तेव्हा मराठी टाइप करायचं म्हणजे श्रीलिपी, आकृती, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव यांपैकी काहीतरी. अण्णांकडे श्रीलिपी होती, शेजारच्या डीटीपीवाल्याने शिकवलेली. टाइप झाल्यावर वह्या माळ्यावर गेल्या आणि माळ्यावरून एका पावसाळ्यात वाळवीच्या पोटात.

2016 मध्ये मशीन फारच रडायला लागलं म्हणून दुकानात दिलं. कुठलं ते सांगत नाही, भला माणूस होता. त्याने तुमच्यासारखंच केलं: डेटा डी ला, सी फॉरमॅट, संध्याकाळी मशीन घरी. ओव्यांचं फोल्डर होतं. फाइल्स होत्या, आकार तेवढेच, तारखा त्याच. अण्णांनी पहिली उघडली आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. अक्षरांवर टोप्या, मधेच भागाकाराचं चिन्ह, मधेच पौंडाची खूण. अण्णा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे कोणी लिहिलं?"

दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला व्हायरस असेल, स्कॅन करा. स्कॅन केलं. काही निघालं नाही, निघणारही नव्हतं. कारण फाइलला काहीच झालं नव्हतं. त्या जुन्या फॉन्टांची युक्ती अशी होती, की कॉम्प्युटरच्या लेखी ती अक्षरं इंग्रजीच असायची. फक्त त्या जागी चित्र मराठी अक्षराचं काढलेलं असायचं. फॉन्ट आहे तोवर ओवी दिसते. फॉन्ट गेला की वर्ड हाताशी असलेला दुसरा फॉन्ट लावतं आणि खालचं इंग्रजी उघडं पडतं. शिवाय प्रत्येक कंपनीची अक्षरांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकाच्या जागी दुसऱ्याचा फॉन्ट चालत नाही. प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने हे सगळं मिटवलं, विंडोज 2000 बरोबर मंगल फॉन्ट आला, पण आपल्याकडचे छापखाने, शाळा, पतपेढ्या त्यानंतरही कितीतरी वर्षं जुन्या फॉन्टांतच लिहीत राहिल्या.

आणि हे फॉन्ट राहतात कुठे? सी ड्राइव्हवर, विंडोजच्या फोल्डरात, फॉन्ट्स नावाच्या फोल्डरात. डेस्कटॉपवर नाहीत, डॉक्युमेंट्समध्ये नाहीत. 'डेटा' म्हणून तिथे कोणी बघतच नाही.

पुढे तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणाऱ्या एका काकांकडे जुनी सीडी निघाली. त्यांनी आपल्या मशीनवर फाइल उघडली आणि ओव्या जशाच्या तशा समोर. अण्णांनी तिथेच उभ्याने पहिली मोठ्याने वाचली, छापखान्यातली माणसं काम थांबवून ऐकत होती. आम्ही आधी सगळ्याचं पीडीएफ करून घेतलं, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट आतच शिवला जातो आणि दिसणं तरी पक्कं होतं. मग कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणलं. रफार आणि पहिल्या वेलांट्या बऱ्याच ठिकाणी चुकल्या होत्या, त्या हाताने सुधारतोय. अजून काम चालू आहे.

तेव्हा तुमच्या दुकानात वयस्कर माणूस मशीन घेऊन आला, किंवा शाळेचा, पतपेढीचा, छापखान्याचा पीसी आला, तर एकच करा. फॉरमॅट मारण्याआधी त्याची एखादी जुनी मराठी फाइल वर्डमध्ये उघडा, मजकुरावर क्लिक करा आणि वर फॉन्टच्या चौकटीत कोणतं नाव आहे ते बघा. मंगल, निर्मला, कोकिळा असं काही असेल तर निश्चिंत. दुसरंच काही असेल तर फॉन्ट्सचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. दोन मिनिटांचं काम. नाव लिहूनही ठेवा. ती चौकट फॉन्ट नसतानाही नाव दाखवत राहते, आमची सुटका त्यामुळेच झाली.

आता विंडोजच्या 'माझ्या फाइल्स ठेवा' या पर्यायाकडे येते. चांगला आहे, मीही वापरलाय. पण त्याच्या लेखी 'माझ्या फाइल्स' म्हणजे काय, हे विचारायला हवं. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो, डाउनलोड्स हे तो ठेवतो. बाहेरून टाकलेले प्रोग्रॅम काढतो आणि काढलेल्यांची यादी डेस्कटॉपवर ठेवून जातो, हा त्याचा सभ्यपणा. पण युजरच्या फोल्डरात 'अ‍ॅपडेटा' नावाचं एक लपवलेलं फोल्डर असतं, ते तो आपल्या फाइल्समध्ये धरत नाही. आणि माणसाचा अर्धा संसार तिथे असतो. क्रोमचे बुकमार्क तिथे. साइन-इन न करता वापरलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या, स्टिकी नोट्स, तिथे. माझ्या नणंदेने दूधवाल्याचा, पेपरवाल्याचा, भिशीचा सगळा हिशेब त्या चिठ्ठ्यांवर ठेवला होता! डेस्कटॉपवर दिसतात म्हणजे डेस्कटॉपवरच असणार, असं तिला वाटलं. कुणालाही वाटेल.

क्रोममध्ये सेव्ह केलेल्या पासवर्डांची तऱ्हा तर डी सारखीच. क्रोमचं फोल्डर हाताने कॉपी करून नव्या विंडोजमध्ये ठेवलं तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत. ते जुन्या विंडोजच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीने बंद असतात. पासवर्डांची फाइल कॉपी झालेली असते, पण तिची किल्ली मागेच राहिली. ते आधीच निर्यात करून घ्यावे लागतात, नाहीतर गूगल खात्याशी जोडून ठेवावे लागतात.

आउटलुकच्या मेल साठवणाऱ्या पीएसटी फाइल्स, हिशेबाच्या टॅलीचा डेटा, हेही असंच. टॅलीच्या जुन्या आवृत्तीत 10000 अशा नुसत्या आकड्याच्या नावाचं फोल्डर असायचं, आणि ते काय आहे हे टॅलीवाल्याशिवाय कुणाला कळायचं नाही. पण हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हीच लिहिलंय की दुकानदारांचं टॅली तुम्ही आधी बघता. बरोबर करता. जी काळजी दुकानदाराच्या टॅलीला मिळते ती बाईच्या भिशीलाही मिळावी, एवढंच म्हणणं.

"विंडोज स्वतः सांभाळतं" यावर माझा पूर्ण भरवसा का नाही, त्याला एक जुनं कारण आहे. ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चा 1809 हा मोठा अपडेट आला आणि काही लोकांच्या फाइल्स खरोखरच पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने तो काही दिवसांत थांबवला, दुरुस्त केला आणि 13 नोव्हेंबरला पुन्हा सोडला. फटका कुणाला बसला ते ऐका. ज्यांनी डॉक्युमेंट्ससारखे फोल्डर डी वर किंवा दुसरीकडे वळवले होते, पण काही जुन्या फाइल्स मूळच्या जागी तशाच राहू दिल्या होत्या, त्यांच्या त्या राहिलेल्या फाइल्स उडाल्या. अपडेटला वाटलं, जुनं रिकामं फोल्डर आहे, साफ करू. म्हणजे आपलाच 'डी ला ठेवा' हा सल्ला ज्यांनी अर्धवट ऐकला तेच सापडले. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्याप्रमाणे तक्रारी अगदीच मोजक्या होत्या. त्यातला एक आपण असलो तर मोजकेपणाचा काय उपयोग?

रिकव्हरीबद्दल आपलं जमणार नाही. फिरत्या डिस्कच्या काळात तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं होतं. क्विक फॉरमॅट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं, पानं तशीच. सॉफ्टवेअर लावलं की फोटो निघायचे, मीही काढलेत. आता बहुतेक मशीनमध्ये एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली डिस्क असते. तिच्यावर फाइल पुसली किंवा फॉरमॅट मारला की विंडोज डिस्कला 'ट्रिम' नावाचा निरोप धाडतं: ही जागा आता लागत नाही. डिस्क तो निरोप मनावर घेते आणि फावल्या वेळात ती जागा खरंच कोरी करून टाकते. नंतर सॉफ्टवेअर लावलं तर नावं दिसतील कदाचित, आत शून्य. साध्या फिरत्या डिस्कवरसुद्धा फुल फॉरमॅट मारला तर विंडोज विस्टापासून सगळीकडे शून्यं लिहिली जातात. तेव्हा गिऱ्हाइकाला "गेलं तर काढून देऊ" असं आता सांगत जाऊ नका, ही विनंती. एसएसडीवर ते वरातीमागून घोडं ठरतं.

एक प्रसंग तुम्हाला पटेल. माझ्या मावसभावाकडे 500 जीबीची डिस्क, निम्मे-निम्मे दोन भाग. सेटअपच्या त्या पडद्यावर सी आणि डी ही अक्षरं येतच नाहीत, नुसतं ड्राइव्ह 0 पार्टिशन 1, 2, 3 आणि पुढे आकार. दोन्ही भाग 232 जीबी. त्याने अंदाजाने एक निवडला. डी निवडला. त्या पडद्यावर पार्टिशनला दिलेलं नाव मात्र दिसतं. तेव्हापासून मी घरातल्या प्रत्येक मशीनच्या डी ला आधीच ठसठशीत नाव देऊन ठेवते, आणि सेटअप सुरू करण्याआधी बाहेरची डिस्क उपटून बाजूला. तुमचे हात सरावलेले आहेत, तुमचं चुकणार नाही. पण नवा पोरगा कामाला ठेवलात तर त्याला हे नक्की सांगा.

उरला प्रश्न इंजिनिअरांचा. इथे मी थोडी ओशाळले, कारण लेखात रोबोकॉपीचे, म्हणजे कमांड टाइप करून फाइल्स कॉपी करायच्या विंडोजमधल्या सोयीचे, चार-चार स्विच देऊन बसले होते. आणि त्यातही एक खोड सांगायची राहिली: मूळ सेटिंगमध्ये एखादी फाइल कॉपी झाली नाही तर रोबोकॉपी 30-30 सेकंद थांबून 10 लाख वेळा प्रयत्न करतं. हिशेब केला, एका अडलेल्या फाइलपायी जवळजवळ वर्षभर. ते सगळं काढून टाकलंय. साधं कॉपी-पेस्ट पुरतं, फक्त बाहेरच्या डिस्कवर. पेनड्राइव्ह फॅट 32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल तो घेत नाही, लग्नाचा व्हिडिओ हमखास तिथे अडकतो. आणि डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावा. 200 जीबी जुन्या काळ्या पोर्टवरून जायला दोनेक तास लागतात, निळ्यावरून बहुधा त्याच्या निम्म्याहूनही कमी.

वनड्राइव्हचं एक. ज्या फाइलवर नुसता ढग दिसतो ती या मशीनवर नाहीच, फक्त तिची पाटी आहे. मशीन सुरू होत नाही म्हणून डिस्क काढून दुसरीकडे लावलीत तर तिथून ती मिळणार नाही. गिऱ्हाइकाला खात्याचा पासवर्ड आठवतो का, हे आधी विचारा.

कॉपी झाल्यावर मी दोन्ही फोल्डरांवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये फाइल्सची संख्या जुळवते. मग ती डिस्क दुसऱ्याच मशीनला लावते आणि पाच-सहा फाइल्स उघडून बघते: एक फोटो, एक जुनी मराठी वर्ड फाइल, एक एक्सेल, एक व्हिडिओ. त्याच मशीनवर उघडून उपयोग नाही, तिथे फॉन्ट आणि किल्ल्या सगळं असतंच. हे तुमच्या दुकानात गिऱ्हाइकासमोर करायला दहा मिनिटं लागतील. त्याचे वेगळे पैसे लावा हवं तर, लोक देतील. मी देईन.

आणि आता माझं एक काम. अण्णांच्या दोन फाइल्स अजून उघडलेल्या नाहीत. त्या श्रीलिपीतल्या नाहीत. कुणाकडे तरी दुसऱ्या मशीनवर टाइप केलेल्या असाव्यात. वर्डच्या चौकटीत फॉन्टचं नाव दिसतं, पण त्या छापखान्यातल्या काकांकडेही तो नव्हता. अण्णांच्या आठवणीप्रमाणे आत्याच्या माहेरच्या ओव्या त्यातच आहेत. वीस वर्षांच्या दुकानात 2005 च्या आसपासच्या सीड्यांचा एखादा डबा माळ्यावर असणारच. फॉन्टचं नाव तुम्हाला मेलवर कळवते. जरा बघाल का?